दहा बाय दहाचा षड्ज

मराठी माणसाला खोलीचं माप विचारलं की टेप काढायच्या आधीच उत्तर येतं, 'दहा बाय दहा'. गिरणगावातल्या चाळीची खोली दहा बाय दहा, पुण्याच्या पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या विद्यार्थ्यांची दहा बाय दहा, आणि झाशीत रेल्वेच्या आधारानं वाढलेल्या नगरा या वस्तीत धाकट्यासाठी गच्चीवर चढवलेली खोलीही बहुधा त्याच मापाची. लॅपटॉप, पाच इंची स्पीकरची जोडी, एक हेडफोन आणि दोन सप्तकांचा कीबोर्ड एवढ्या सामानावर आज या खोलीत गाणं सुरुवातीपासून शेवटापर्यंत तयार होतं. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर उभा केला, तेव्हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ ही संस्थेच्या ऐपतीची गोष्ट होती. १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी रोलँडच्या यंत्रांवर दहा रागांना डिस्कोचा ठेका दिला, तीही एचएमव्हीची तबकडी होती. तिथून २०१५ मधल्या न्यूक्लियाच्या 'बास रानी'पर्यंत, आणि पुढे २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' हे मराठी हाउस गाणं स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीनं काढलं तिथपर्यंत येताना यंत्रं इतकी स्वस्त आणि लहान झाली की स्टुडिओ या शब्दाचा भिंतींशी संबंधच उरला नाही, असं वाटायला लागलं. संबंध उरला आहे, आणि घरी मिक्सिंग करणाऱ्याचं गाणं बिघडतं ते बहुतेक वेळा तिथेच.

घरच्या मिक्सिंगवर बोलणं निघालं की ते लगेच साधनांवर जातं. कुठला कॉम्प्रेसर, कुठला इक्वलायझर, लिमिटर किती दाबायचा, अमक्याचा किक इतका टणक कसा. हे प्रश्न खोटे नाहीत, पण दुसऱ्या पायरीचे आहेत. मिक्सिंग म्हणजे कानाला जे ऐकू येतं त्यावर निर्णय घेणं. आणि दहा बाय दहाच्या खोलीत खालच्या दोन सप्तकांत कानाला जे ऐकू येतं ते गाणं नसतं, खोली असते. म्हणून घरच्या मिक्सिंगचं पहिलं तंत्र म्हणजे आपली खोली नेमकं कुठे आणि किती खोटं बोलते याचा हिशेब ठेवणं. बाकीची सगळी तंत्रं या हिशेबावर उभी राहतात, आणि हिशेब चुकला तर कितीही महागडा प्लगइन ती चूक फक्त जास्त सफाईनं करतो.

हिशेब शाळेतल्या गणिताचा आहे. ध्वनीची लाट दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकते आणि जिची अर्धी लांबी भिंतींमधल्या अंतराएवढी असते तिला खोली उचलून धरते, तबल्याचं पान एका ठरावीक सुराला उचलून धरतं तशी. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. वेगाला दुप्पट अंतरानं भागलं की उत्तर येतं ५६ हर्ट्झ. त्याच्या दुपटीला, ११२ ला, खोली पुन्हा घुमते, आणि १६९ ला पुन्हा. आयताकृती खोलीत लांबीचा घुमारा वेगळा, रुंदीचा वेगळा, उंचीचा वेगळा. तीन दोष तीन ठिकाणी विखुरतात. दहा बाय दहाच्या खोलीत लांबी-रुंदी एकच, आणि छतही दहा फुटांवर असेल तर तिन्ही घुमारे एकाच ५६ वर येऊन बसतात. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीनं घनाकृती खोली ही सगळ्यांत वाईट खोली, आणि आपण नेमकी तीच आपल्या घरांचं एकक करून ठेवली आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक संगीताचा सगळा जीव ४० ते १०० हर्ट्झमध्ये. किकचं अंग तिथे, बेसचा पाया तिथे. ख्याल किंवा भावगीत करणाऱ्याला ही खोली इतकी नडत नाही, कारण त्याचं काम मुख्यतः वरच्या मजल्यावर चालतं.

हा घुमारा पेटीवर शोधता येतो. ५५ हर्ट्झ म्हणजे खर्जाच्याही खालची पांढरी सहा, ५८.३ म्हणजे तिच्या शेजारची काळी पाच. आता हवेतला ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो, आणि झाशी हे तापमानाच्या बाबतीत टोकाचं गाव. थंडीत पहाटे नगऱ्यातल्या गच्चीवरच्या खोलीत १० अंश असतील तर खोली ५५.३ हर्ट्झवर घुमते. मे महिन्याच्या दुपारी त्याच खोलीत ४० अंश झाले की ५८.२ वर. म्हणजे पौषात ही खोली पांढरी सहात असते आणि वैशाखात काळी पाचात. चार महिन्यांत अख्खी पट्टी चढते. तंबोरा दर बैठकीला मिळवावा लागतो हे आपल्याला माहीत असतं. खोलीही ऋतूप्रमाणे उतरते-चढते याचा विचार कोणी करत नाही, कारण खोलीला आपण वाद्य मानत नाही.

याचा परिणाम एका बेसलाइनवर पाहू. समजा तिच्यात चार सूर आहेत : ४९ हर्ट्झची पांढरी पाच, ५५ ची पांढरी सहा, ५८ ची काळी पाच आणि ६५ ची पांढरी एक. चौघेही संगणकात सारख्याच जोरानं वाजतात. थंडीतल्या त्या खोलीत भिंतीला टेकून ऐकणाऱ्याला पांढरी सहा अंगावर येते, बाकीचे तीन सूर दबकून वाजल्यासारखे वाटतात. तो प्रामाणिकपणे, कानावर विश्वास ठेवून, पांढऱ्या सहाचा जोर कमी करतो, आणि खोलीत चारही सूर एका रांगेत येतात. मग हे गाणं दुसऱ्याच्या गाडीत वाजतं. गाडीला नगऱ्याच्या खोलीची काहीच माहिती नसते. तिथे प्रत्येक आवर्तनात एक सूर खड्ड्यात पडतो. याच्या नेमकं उलटंही होतं. तोच माणूस खुर्ची खोलीच्या मध्यावर ओढतो. मध्यबिंदूवर या पहिल्या घुमाऱ्याचा दाब जवळपास शून्य असतो, म्हणून तिथे किक पोकळ लागतो. तो किक सहा डेसिबलनं चढवतो आणि समाधानानं फाइल पाठवून देतो. खोली तीच, माणूस तोच, किक तोच. फरक फक्त खुर्ची पाच फूट सरकल्याचा. प्लगइनच्या चर्चेत खुर्ची कुठे ठेवली हे कोणी विचारत नाही, हे मला नेहमी नवलाचं वाटतं. पुढच्या भिंतीपासून पावणेचार-चार फुटांवर, डाव्या-उजव्या भिंतींच्या बरोबर मध्ये बसणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्यानं दोष जात नाही, पण तो टोकाचा राहत नाही.

दुसरा स्वस्त उपाय म्हणून सगळे भिंतींना फोम चिकटवतात. काळे, पिरॅमिडच्या आकाराचे, दोन इंच जाडीचे तुकडे. आणि त्याहून स्वस्त हवं असेल तर अंड्यांचे ट्रे. छायाचित्रात खोली एकदम स्टुडिओसारखी दिसते. पण मऊ वस्तू ध्वनी शोषते ती साधारण लाटेच्या पाव लांबीइतकी जाडी असेल तेव्हा. दोन इंचांचा फोम हजार हर्ट्झच्या वर नीट काम करतो. ५६ हर्ट्झची लाट वीस फुटांची, तिचा पाव भाग पाच फूट. म्हणजे तेवढ्या जाडीचा फोम लावला तर खोलीत निम्मी खोली उरेल. प्रत्यक्षात फोमवाल्या खोलीत वरचे सूर विझतात आणि खालचा घुमारा जसाच्या तसा राहतो. आवाज मंद, मातकट होतो. मग निर्माता झांजा आणि आवाजाची धार वाढवतो, आणि गाणं बाहेर कर्कश लागतं. त्यापेक्षा कोपऱ्यांत घडी करून उभ्या केलेल्या जाड गाद्या आणि बुंदेलखंडी थंडीतल्या रजया बऱ्या. त्याही ५६ पर्यंत पोचत नाहीत, पण दोनशे-तीनशे हर्ट्झची गर्दी जरा सैल करतात. विचित्र गोष्ट अशी की ज्या चाळीला आपण गैरसोयीची म्हणतो तिची लाकडी फळ्यांची भिंत किंवा पत्र्याचं छत बेसला बाहेर जाऊ देतं, त्यामुळे आत घुमारा कमी साठतो. नव्या इमारतीतली स्लॅब आणि विटांची पक्की खोली तो पुरता कोंडून ठेवते. चाळीत शेजारी तक्रार करतो, फ्लॅटमध्ये मिक्स.

यावर पहिली हरकत येते ती पैशाची : स्पीकर मोठे घेतले की झालं. नाही होत. पाच इंची स्पीकर साधारण ५०-६० हर्ट्झच्या खाली गळपटतो, म्हणजे तो खोलीला फार डिवचत नाही. आठ इंची स्पीकर आणि वर सबवूफर आणला की तीच खोली दुप्पट उत्साहानं खोटं बोलते. जुन्या स्टुडिओंत यामाहाच्या एनएस-टेन या पांढऱ्या कोनाच्या स्पीकरची जोडी जागोजाग दिसायची. १९७८ ते २००१ पर्यंत तो बनला, आणि त्यात खालचा बेस जवळजवळ नव्हताच. व्यावसायिक माणसं तो ठेवत ती मधल्या सप्तकांतली गर्दी उघडी पाडतो म्हणून. दुसरी हरकत सॉफ्टवेअरची : मायक्रोफोननं खोली मोजा आणि सॉफ्टवेअरला उलटा इक्वलायझर लावू द्या. हे निम्मं खरं आहे. जिथे खोली फुगवते तिथे कमी करता येतं. पण जिथे लाट आणि तिचं प्रतिबिंब एकमेकांना खाऊन टाकतात तिथे चढवून उपयोग नाही. जितकं ओताल तितकंच प्रतिबिंबही वाढतं आणि पुन्हा शून्य. शिवाय मोजमाप त्या एका जागेचं असतं, डोकं एक फूट हललं की ते जुनं झालं.

तिसरी हरकत वजनदार आहे : हेडफोन वापरा, खोलीच नको. खालच्या सप्तकांपुरतं मी हे मान्य करतो. हजारो रुपयांच्या फोमपेक्षा बऱ्यापैकी हेडफोन बेसबद्दल जास्त खरं सांगतो, आणि ज्या घरात रात्री आजोबा शेजारच्या खोलीत झोपलेले असतात तिथे दुसरा पर्यायही नसतो. पण हेडफोन आपली वेगळी थाप मारतो. डाव्या कानाचं उजव्याला कळत नाही, म्हणून डावं-उजवं अंतर अवाच्या सवा वाटतं. मध्यावरचा आवाज समोर न येता डोक्यात शिरतो, त्यामुळे गायकाची पातळी हमखास चुकते. रिव्हर्बचं बारीकसं शेपूटही ऐकू येतं, म्हणून रिव्हर्ब कमी घातला जातो. उन्हाळ्यात स्पीकरवर याच्या उलट होतं. कूलरचा सरसर आवाज रिव्हर्बचं शेपूट गिळतो, निर्माता ते वाढवतो, आणि कूलर बंद झाल्यावर गाणं विहिरीतून आल्यासारखं लागतं. म्हणून एका साधनावर निष्ठा ठेवण्यात अर्थ नाही. बेसचा निवाडा हेडफोन आणि स्पेक्ट्रमचा आलेख यांच्याकडे. गायक, झांजा, ढोलकी यांचा तोल स्पीकरकडे. आणि रिव्हर्बचा निर्णय कूलर बंद असलेल्या दहा मिनिटांकडे. ही कामाची वाटणी हेच तंत्र.

इथे आणखी एका लोकप्रिय सल्ल्याचा समाचार घ्यायला हवा : हळू आवाजात मिक्स करा. कान थकत नाहीत, शेजारी भांडत नाहीत, इथपर्यंत ठीक. पण माणसाचा कान हळू आवाजात खालचे सूर फार कमी ऐकतो. बेल लॅबोरेटरीच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेख काढले, पुढे अशा आलेखांचं आंतरराष्ट्रीय प्रमाणक झालं. हजार हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलला जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटायला ५० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ७८ डेसिबल लागतात. तोच हजारचा स्वर ८० वर नेला तर ५० हर्ट्झला सुमारे १०२ पुरतात. म्हणजे अंतर ३८ वरून २२ वर येतं. हळू ऐकणारा बेस चढवणार, जोरात ऐकणारा उतरवणार, आणि दोघांनाही आपला कान बरोबर वाटणार. म्हणून आवाज हळू की मोठा यापेक्षा तो एकच असणं महत्त्वाचं. लहान खोलीत ७५ डेसिबलच्या आसपासची एक पातळी ठरवावी, बटणावर नेलपॉलिशचा ठिपका द्यावा आणि निवाडा करताना त्या ठिपक्यावरून हलू नये. नमुन्याचं गाणं, म्हणजे ज्याच्याशी आपण तुलना करतो ते, तेही त्याच पातळीला आणून ऐकावं. बाजारात आलेलं गाणं मास्टरिंगमुळे अनेक डेसिबलनं मोठं असतं, आणि मोठं ते चांगलं असं कान बिनदिक्कत ठरवतो. त्याला सात-आठ डेसिबल खाली ओढल्यावर मगच कळतं की त्याचा बेस आपल्यापेक्षा जास्त नाही, कमी आहे.

खालच्या सप्तकांत आपण आंधळे आहोत हे एकदा कबूल केलं की काम वर सरकवायची युक्ती सुचते, आणि ती आपल्याला नवी नाही. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेत मूळ सुराची ताकद तुलनेनं क्षीण असते. जवारीमुळे तारेची ऊर्जा वरच्या स्वयंभू स्वरांत पसरते, आणि कान त्या स्वरांवरून न ऐकू येणारा पायाचा षड्ज स्वतः उभा करतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर घोडीवर कानस फिरवून जे करतात, तेच इलेक्ट्रॉनिक संगीतात सॅच्युरेशन करतं. ५५ हर्ट्झच्या बेसला थोडं खरवडलं की त्यात ११०, १६५, २२० असे स्वर उगवतात. मोबाइलचा स्पीकर ५५ वाजवूच शकत नाही, पण यांतले वरचे वाजवतो, आणि ऐकणाऱ्याला बेस लागतो. निर्मात्याच्या दृष्टीनं त्याहून मोठा फायदा असा की बेसची ओळख आता अशा भागात आली जिथे त्याची खोली कमी खोटं बोलते. बेस वाढवण्यापेक्षा त्याला जवारी लावणं केव्हाही शहाणपणाचं.

तोलाचा दुसरा जुना धडा एका मायक्रोफोनच्या काळातला. तेव्हा मिक्सिंगला वेगळी पायरी नव्हती. वादकाला पुढे-मागे बसवणं हेच मिक्सिंग. ढोलकी चार पावलं मागे, सारंगी जवळ, झांजा कोपऱ्यात. त्यातून अरेंजरला एक सवय लागली : जे दोन आवाज एकाच जागेवर भांडतील ते एकाच वेळी वाजवायचे नाहीत. ढोलकीची धुम आणि चाट एकाच वाद्यात दोन टोकं सांभाळतात, मधली जागा गाणाऱ्या बाईसाठी मोकळी राहते. तुणतुणं त्याच्याही वर. ढोलकीवाल्यानं इक्वलायझर पाहिलेला नसतो, आणि त्याला तो लागतही नाही. आजचा घरचा प्रोजेक्ट उघडला तर साठ-सत्तर ट्रॅक, त्यांतले तीन किक एकमेकांवर, दोन बेस, वर हलगीचा नमुना आणि खाली नाशिक ढोलाचा. मग प्रत्येकातून इक्वलायझरनं काप काढत बसायचं. किक वाजताच बेस क्षणभर मागे सरावा यासाठी साइडचेन लावतात. हाउस संगीतात ते श्वासासारखं लयीतच मिसळतं आणि शोभतं. पण तीन किकमधून दोन पुसले तर निम्मी साइडचेन लागणारच नाही. जिथे ऐकू येत नाही तिथे कमी वस्तू ठेवाव्यात. अंधाऱ्या माजघरातही आपण तसंच वागतो.

आता हे गाणं खोलीबाहेर कुठे जातं ते पाहू, कारण महाराष्ट्रात घरी केलेल्या रिमिक्सचा शेवटचा मुक्काम पुष्कळदा मिरवणुकीतली स्पीकरची भिंत असतो. कोल्हापूर-सांगली-साताऱ्यात या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. गोंगाट कमी करणाऱ्याचं नाव गोंगाटाला द्यायचं, ही आपल्या भाषेची गंमत. त्या भिंतीवर नगऱ्याच्या किंवा इचलकरंजीच्या खोलीतली चूक शंभरपट होऊन उभी राहते. मधोमध बसलेल्या निर्मात्यानं किक सहा डेसिबलनं चढवला होता, आठवतं? सहा डेसिबल म्हणजे अँप्लिफायरला त्या सुरासाठी चौपट वॅट. ट्रकवरचा जनरेटर ते पुरवतो, खिडक्यांच्या काचा भोगतात. आणि यात कायद्याची एक फट आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे (हा ५५ वेगळा, आपला मघाचा हर्ट्झचा). पण ते डेसिबल 'ए' भारानं मोजतात, आणि तो भार ५० हर्ट्झवरच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा करतो. छातीत धडकी भरवणारा सूर मीटरला अगदी लहान दिसतो. मिरवणुकीच्या वादात मंडळ, पोलीस, न्यायालय, डॉल्बीवाला हे सगळे येतात. गाण्यात मुळातच बेस चुकीचा भरला आहे, आणि तो एका घनाकृती खोलीमुळे भरला आहे, हा दुवा कोणाच्या तक्रारीत नसतो. सगळा दोष खोलीचा आहे असं मी म्हणत नाही. भिंत लावणाऱ्याला मोठाच आवाज हवा असतो. पण चौपट वॅट वाया घालवून मिळणारा आवाज मोठा असतो, टणक नसतो, हे त्यालाही कळतं.

इथे चौथी हरकत : डीजेसाठी गाणं जोरातच लागतं, नाहीतर पुढच्या भिंतीपुढे आपण पडतो. म्हणून लिमिटर पार चेपून गाण्याचा आलेख विटेसारखा सपाट केला जातो. पण किकचा ठोका जाणवतो तो त्याच्या शिखरात आणि भोवतालच्या सरासरीत जे अंतर असतं त्यामुळे. अंतर संपलं की ठोक्याची गुरगुर होते. डीजेच्या मिक्सरवर गेनचं बटण असतंच, तो लागेल तेवढं चढवतो. आणि गाणं मिरवणुकीऐवजी मोबाइलवर ऐकलं गेलं तर स्पॉटिफाय आणि यूट्यूब ते साधारण उणे १४ लफ्सच्या (लफ्स म्हणजे कानाला वाटणाऱ्या मोठेपणाचं माप) पातळीला खाली ओढतात. चेपलेलं गाणं तिथे नुसतं चेपलेलं उरतं, मोठं राहत नाही. भिंतीसाठी खरोखर जपायची गोष्ट दुसरी आहे. मिरवणुकीत डावं-उजवं असं काही नसतं, बेस तर सगळा एकत्रच वाजतो. रुंद वाटावा म्हणून बेसवर स्टिरिओ कोरस लावला असेल तर दोन्ही बाजू एकत्र येताच तो स्वतःलाच पुसून टाकतो. शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो ठेवणं आणि दर तासाला मोनोचं बटण दाबून एकदा ऐकणं, याला पैसे लागत नाहीत.

खोलीची एवढी भीती घालणाऱ्याला हमखास ऐकवलं जाणारं उदाहरण बिली आयलिशचं. २०१९ चा तिचा अल्बम भाऊ फिनियसनं लॉस एंजलिसमधल्या घरच्या बेडरूममध्ये केला, आणि पुढच्या जानेवारीत त्याला ग्रॅमी मिळाली. खरं आहे. पण त्याच अल्बमचं मिक्सिंग रॉब किनेल्स्की यांनी आणि मास्टरिंग जॉन ग्रीनहॅम यांनी केलं, हे सांगायचं राहून जातं. रचना, गायन, आवाजांची निवड बेडरूममध्ये होऊ शकते, उत्तम होऊ शकते. शेवटचा निवाडा त्यांनी अनुभवी परक्या कानांवर सोपवला. परका कान विकत घेणं ज्याला परवडतं त्यानं जरूर घ्यावा. ज्यांना परवडत नाही अशा दोन खोल्यांतल्या दोघांनी एकमेकांची गाणी तपासावीत. नगऱ्यातली खोली ज्या सुरावर खोटं बोलते त्या सुरावर बारा बाय चौदाची खोली बोलत नाही, आणि दोन वेगवेगळे खोटारडे एकाच गोष्टीवर सहमत झाले तर ती बहुधा खरी असते.

राहिली कलावंताची हरकत, आणि तिचा मला आदर आहे : हे सगळं मोजमाप झालं, संगीत कुठे आहे? कान तयार असला की आलेख लागत नाहीत. पण तयार कान म्हणजे काय? तो वर्षानुवर्षं एकाच खोलीत तयार झाला असेल तर ती खोली त्याच्यात भिनलेली असते. तो त्या खोलीत बिनचूक आणि दुसऱ्या खोलीत गोंधळलेला असतो. जुने रेकॉर्डिस्ट आपल्या स्टुडिओबाहेर काम करायला नाखूष असत, यातलं मर्म हेच असावं. कानाला जे ऐकू येतं त्याबद्दल तो खरंच बोलतो. जे हवेत कधी पोचलंच नाही त्याबद्दल त्याला विचारणं अन्यायाचं आहे. आलेख संगीत ठरवत नाही. ५५ वर आपण खरंच काही भरलं आहे की फक्त भिंती गातात, एवढंच तो सांगतो. ते कळल्यावर किक किती मोठा ठेवायचा हा निर्णय कलावंताचाच. कुणाला फुगलेला हवा असेल तर त्यानं जाणूनबुजून फुगवावा.

तपासायचं असेल तर फार खटाटोप नाही. सॉफ्टवेअरमध्ये साधी साइन लाट घ्यायची, ४० हर्ट्झपासून १२० पर्यंत एकेक हर्ट्झनं हळूहळू चढवायची, आणि नेहमीच्या खुर्चीत बसून जिथे ती फुगते आणि जिथे गायब होते ते आकडे कागदावर टिपायचे. कागद स्पीकरच्या मागे चिकटवून ठेवायचा, वर तारीख आणि त्या दिवसाचं तापमान लिहायचं. नगऱ्यात हा प्रयोग दिवाळीच्या सुमारास केला तर एक मजा दिसेल. तेव्हा संध्याकाळी खोलीत २५ अंश असतात, कूलर गच्चीवर पालथा घातलेला असतो, रजया अजून पेटीतून निघालेल्या नसतात. त्या हवेत दहा फुटांचा घुमारा येतो ५६.८ हर्ट्झवर, पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या जवळपास बरोबर मध्ये. पेटीवर ती पट्टीच नाही.